सारवलेली फरशी

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी हरणाबाईचा नवरा घरात राहिला होता तो सगळा मिळून फार तर अडीच वर्षं. वर्षाला दोन महिने रजा. त्यातही पासष्ट आणि एकाहत्तर सालच्या रजा लढाईनं खाल्लेल्या. तो यायचा, चार दिवस पाहुण्यासारखा बसायचा, पाचव्या दिवशी कुठं घरातल्यासारखा वागायला लागायचा, तोवर ट्रंक भरायची वेळ व्हायची. ट्रंकेत सगळ्यात शेवटी जायचा तिनं कुटलेल्या कांदा-लसणाच्या चटणीचा डबा. पत्र्याचा, झाकणावर त्याचा पलटणीतला नंबर रंगवलेला. त्या चटणीवर बराकीतले पंजाबी आणि मद्रासीसुद्धा तुटून पडतात, असं तो सांगायचा. हरणाबाई हसायची, पण खरं सांगायचं तर तिला त्या डब्याचा रागच होता. डबा भरला की माणूस निघाला, हे तिच्या हातांना पाठ झालं होतं.

त्र्याहत्तर साली आकाराम हवालदार पेन्शन घेऊन कायमचा घरी आला, तेव्हा तिनं तो डबा माळ्यावर टाकला. कोरेगावपासून तीन मैलांवरची त्यांची वाडी. दीड एकर जमीन, त्यातली अर्धी मुरमाड. एकुलती लेक आदल्याच वर्षी खंडाळ्याला दिलेली. घरात माणसं तीन: ती दोघं आणि आकारामची आई अंबूबाई. म्हातारी सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, कंबरेत वाकलेली, पण हातानं आणि जिभेनं अजून ताठ. पेन्शन आणि पाऊण एकर एवढ्यावर तिघांचं ओढूनताणूनच भागत होतं.

कार्तिकात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. फाटकावर पहाऱ्यासाठी माजी सैनिक पाहिजेत, एप्रिलच्या एक तारखेला हजर व्हायचं. आकारामनं ते पत्र तीनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्या घडीकडं बघूनच हरणाबाईला कळलं की हा माणूस मनानं अर्धा निघालाय.

"अठरा वर्सं सरकारनं नेला," ती म्हणाली. "आता कंपनी नेणार. मग मी लगीन कुनासंगं केलं म्हनायचं?"

 बोलणं हा आकारामचा प्रांत नव्हता. पण चार दिवसांनी तो आपणहून सायकल काढून साखर कारखान्यावर गेला. तिथं काही काम मिळतंय का, हे बघायला. काम मिळालं नाही. दुपारी कँटीनच्या ओट्यावर बसून त्यानं भाकरी सोडली, आणि तिथल्या आचाऱ्यानं शेजारी बसून त्याची चटणी चाखली, दोनदा चाखली, आणि आत जाऊन मॅनेजरला बोलावून आणलं.

मॅनेजर म्हणजे जिनदत्त चौगुले, सांगलीकडचा जैन माणूस, कांद्या-लसणाला न शिवणारा. त्यानं चटणी नुसती डोळ्यांनी बघितली. "हवालदार, मी हे खात नाही," तो म्हणाला, "पण चारशे माणसं खात्यात आणि रोज माझ्या नावानं बोटं मोडत्यात. आचारी म्हणतोय तर महिन्याला पंचवीस किलो घेतो. पाडव्यापासून. फक्त परवाना आणा. बिनपरवान्याचं मला घेता येत नाही."

महिन्याला पंचवीस किलो! आकाराम संध्याकाळी घरी आला आणि पहिल्यांदाच उंबऱ्यातून मोठ्यानं बोलला. परवाना आला तर पुणं नाही, असं त्यानं आईसमोर सांगितलं. म्हातारीनं देवाला साखर ठेवली. हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि चुलीकडं वळली, कारण तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते मिरचीचं नव्हतं.

परवाना! शब्द केवढासा, पण त्याच्यामागं कागदांचं केवढं वऱ्हाड. आधी पंचायतीचा ना हरकत दाखला. मग घराचा उतारा. मग विहिरीच्या पाण्याचा दाखला. मग कुटणाऱ्या बाईला कसला रोग नाही म्हणून डॉक्टरचा दाखला. मग तागडीच्या वजनांवर सरकारी शिक्का. मग साताऱ्याला जाऊन चलन भरायचं, आणि त्या चलनाची पावती घेऊन दुसऱ्या खोलीत रांग लावायची, जिथला कारकून नेमका जेवायला गेलेला असायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणणाऱ्यानं फार थोडक्यात आवरलं होतं.

"परवाना कुणाच्या नावानं?" कारकुनानं विचारलं.

"हरणाबाई आकाराम शिंदे."

"अहो, तुमचं नाव घाला की, हवालदार. बाईमाणसाच्या नावानं कशाला भानगड?"

"कुटनारी ती हाय," आकाराम म्हणाला. त्याच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं.

सगळ्यात मोठी अट होती जागेची. राहत्या घरात धंदा चालेल, पण खोली वेगळी पाहिजे. तिथं चूल नको, जनावर नको. खिडकीला जाळी पाहिजे, आणि जमीन धुता येईल अशी पक्की पाहिजे. मातीची भुई चालणार नाही. घराला लागून एक खोली होती, जिथं पूर्वी बैलांची वैरण असायची. आकारामनं ती मोकळी केली, भिंतींना चुना दिला, गाडीवर घालून शहाबादी फरशी आणली आणि स्वतः गुडघ्यावर बसून घातली. सुतळी ताणून, पाणसळ लावून, पलटणीच्या शिस्तीत. सांध्यात सिमेंट भरलं. आठ दिवस खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही.

नवव्या दिवशी म्हातारी आत आली. अनवाणी पावलांनी तिनं फरशी चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "गार लागतंय रं पायाला. भुईला कसा वास असतो, ऊब असते. हिला काय हाय? आन आकाराम, नव्या खोलीत लक्षुमी यायची ती कशावरनं यायची? हिला सारवायची कशी?"

"हिला सारवायची नसते, आये. धुवायची असते."

"धुवायची," म्हातारी म्हणाली. तिनं ते ऐकून घेतलं, पण मनात धरलं नाही.

फाल्गुनाच्या अखेरीस साताऱ्याहून कार्ड आलं: निरीक्षक मंगळवारी सकाळी जागेची पाहणी करतील. पाडवा आठ दिवसांवर, एक एप्रिल त्याहून थोडा पुढं. सोमवारी हरणाबाईनं खोली तीनदा धुतली. झाकणाचे डबे घासून उपडे घातले, उखळ-मुसळ उन्हात तापवलं. फरशीत तोंड दिसत होतं. रात्री अंग टाकताना कंबर धरून आली होती, पण तिला झोप गाढ लागली, पुष्कळ वर्षांनी लागली तशी.

मंगळवारी दिवस उगवताच आकाराम सायकल घेऊन फाट्यावर गेला, साहेबांना एस.टी.वरून आणायला. हरणाबाई पाण्याला गेली. साहेबांसमोर कमी पडायला नको म्हणून तिनं एक खेप जास्तीची केली. आणि त्या जास्तीच्या खेपेनंच घात केला.

ती डोक्यावर घागर घेऊन अंगणात आली आणि तिला वास आला. ओल्या शेणाचा ताजा वास. अंगण तर तिनं पहाटेच सारवलं होतं, ते एव्हाना वाळलं असणार. तिनं घागर तशीच खाली ठेवली आणि नव्या खोलीच्या दारात गेली.

सगळी फरशी सारवलेली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकसारखी, एकावर एक बोटांचे अर्धगोल फराटे, जसे फक्त जुन्या बायांच्या हाताला येतात. मधोमध रांगोळीचं स्वस्तिक. त्यावर हळद, कुंकू, चार तांदूळ. उंबऱ्यालाही बोटं ओढलेली. आणि भिंतीला टेकून, शेणाचे हात गुडघ्यांवर ठेवून, अंबूबाई बसली होती. दमलेली आणि समाधानी.

"शेजारच्या केरबाच्या कपिला गायचं शेन आनलं," ती म्हणाली. "सायब पैल्यांदा घरात येनार, चांगलं काम हुनार, आन भुई काय उघडीवाघडी ठेवायची? पोरगा घरी ऱ्हानार म्हनून देवीला बोलले हुते, नवी खोली माज्या हातानं सारवीन. ही फरशी शेन धरीना बाई, दोन थर दिलं."

 रागानं हरणाबाईचे कान तापले, आणि त्याच क्षणी म्हातारीचं वाकलेलं मनगट, कोपरापर्यंत माखलेलं, तिच्या डोळ्यांत भरलं. या वयात दोन थर, आणि तेही गुडघ्यावर बसून. तिनं घागर उचलली आणि अर्ध्या खोलीत ओतली. शेण निघालं नाही, नुसतं पसरलं. स्वस्तिक वाहून दाराकडं आलं. ती खराट्यानं घासायला लागली तेवढ्यात अंगणात सायकलची घंटा वाजली.

निरीक्षक तसा वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा, चष्म्याचा, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. उंबऱ्यावरचं सारवण बघून त्यानं सवयीनं चपला बाहेर काढल्या, आणि मग आत बघून तो तसाच अनवाणी उभा राहिला. अर्धी खोली सुंदर सारवलेली, अर्धीत हिरवट चिखल, आणि मध्ये खराटा धरून एक बाई. त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ बघत होतं, पण आलं नाही.

"साहेब, खाली फरशी आहे," आकाराम म्हणाला. "मी घातलीय. तासाभरात धुऊन दाखवतो."

"हवालदार, मला जे दिसलं ते लिहायचं असतं. आज आणखी दोन ठिकाणं आहेत, आणि साडेबाराची गाडी." त्यानं कागद मांडीवर ठेवून लिहिलं. लिहिताना एकदा थांबला, चष्मा पुसला, पुन्हा लिहिलं. "नव्यानं अर्ज करा. नव्यानं चलन भरा. नंबर लागला की येईन."

हरणाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. आता तरी भांडेल. आता तरी आवाज चढवील.

"बरोबर आहे, साहेब," आकाराम म्हणाला, आणि पाय जुळवून उभा राहिला.

अठरा वर्षं ज्या माणसाला फक्त हुकूम ऐकायला शिकवलं त्याच्याकडून दुसरं काय होणार? तिला तेव्हा त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता.

"काय म्हनतोय सायब?" म्हातारी भिंतीला धरून उठली. "पास केली न्हवं का खोली?"

 म्हातारीचा बरा डोळा एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं फिरत होता. हरणाबाईनं खराटा खाली ठेवला.

"जाळी, आत्याबाई," ती म्हणाली. "खिडकीची जाळी लय मोठ्या भोकांची हाय. माशी शिरती म्हनं."

निरीक्षकानं मान वर केली. हरणाबाईकडं बघितलं, मग म्हातारीच्या हातांकडं. "हो, आजी," तो म्हणाला, "जाळीचंच झालं." कागदावर मात्र जे खरं तेच होतं. ते त्यानं आकारामच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि निघाला.

त्या दिवसापासून अंबूबाई जाळीच्या मागं लागली. "मेली जाळी! एवढीशी भोकं, तेवढ्यावरनं माज्या लेकाला घालवतोय त्यो सायब!" येणाऱ्याजाणाऱ्याला ती खिडकीपाशी नेऊन दाखवायची. जाळी चांगली होती, तिच्यातून मुंगीसुद्धा मोठ्या कष्टानं गेली असती. पण आकाराम दुसऱ्या दिवशी कोरेगावला गेला, त्याहून बारीक जाळी घेऊन आला, जुनी उपसून नवी ठोकली. एवढं खोटं तो बायकोसाठी आणि आईसाठी हातानं बोलला. हरणाबाईचा त्याच्यावरचा राग तिथं अर्धा उतरला. निरीक्षकाचा कागद तिनं घडी करून धने ठेवायच्या डब्याखाली सरकवला. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण कागद नजरेसमोर नको होता.

पाडवा आला आणि गेला. तीस मार्चला हरणाबाईनं माळ्यावरून तो नंबराचा डबा काढला, घासला आणि भरला. आकाराम ट्रंक खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालला, ती मागून. एस.टी. आली तेव्हा तो म्हणाला, "नंबर लागंल परत. मग बघू." ती नुसती "व्हय" म्हणाली. आणखी काय म्हणायचं होतं?

पुढचे सहा महिने तिनं एकटीनं काढले. शेत, म्हातारी आणि सातारा. ना हरकत दाखल्याची मुदत संपली होती, तो नव्यानं काढायचा. डॉक्टरच्या दाखल्यावरची तारीख जुनी झाली होती, तो नव्यानं. साताऱ्याला गेलं की कारकून म्हणायचा, "मंगळवारी या," आणि मंगळवारी गेलं की म्हणायचा, "साहेब दौऱ्यावर." पावसाळ्यात गाड्या उशिरा धावायच्या. ओलं लुगडं अंगावर वाळवत ती कचेरीच्या बाकावर बसायची, आणि शेजारी बसलेली माणसं तिच्यासारखीच हातातल्या पिशवीला धरून भिंतीकडं बघत असायची. त्या बाकावर तिला कित्येकदा वाटलं, उठावं, गाडी धरावी आणि परवान्याचं नावच सोडून द्यावं. ती उठायचीसुद्धा. मग पुन्हा बसायची, कारण घरी जाऊन म्हातारीला काय सांगणार?

नवऱ्याची पत्रं यायची. चार ओळी. तब्येत ठीक, काळजी नको, आईला नमस्कार. पोस्टमन जोतीराम ती अंबूबाईला वाचून दाखवायचा आणि म्हातारी दर वेळी शेवटी विचारायची, "कवा येतोय ते लिवलंय का?"

आश्विनात कार्ड आलं. निरीक्षक शुक्रवारी येणार.

गुरुवारी दिवेलागणीला हरणाबाईनं नवी खोली धुऊन, पुसून कोरडी केली. मग तिनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली. तिचं मन तिला खात होतं. सहा महिने खोटं बोलल्याचा हा परिणाम: म्हातारीला खरं सांगितलं नव्हतं, म्हणून म्हातारी उद्या पुन्हा सारवणारच. आणि आता सांगावं, तर सहा महिने जे झाकलं ते एका वाक्यात उघडं पडणार. कुलपाशिवाय तिला काही सुचलं नव्हतं.

अंबूबाई ओट्यावर वाती वळत बसली होती. तिनं कुलपाचा आवाज ऐकला.

"कुलूप कशाला गं, हरणे?"

"मांजर शिरतंय, आत्याबाई. घान करून ठेवतंय."

म्हातारीनं हातातली वात पूर्ण वळली, बाजूला ठेवली.

"मांजर म्हातारं हाय," ती म्हणाली, "येडं न्हाई. काढ त्ये कुलूप."

हरणाबाईचा हात कंबरेच्या किल्लीवर गेला.

"आखाडात धनं काढाया डबा सरकवला, तवा कागुद गावला. जोतीरामानं वाचून दिला. 'जमीन शेनानं सारवलेली आढळली.' दोन बारी वाचाया लावला म्या त्याला."

"आखाडापासनं?" हरणाबाईचा आवाज चिरकला. "आवं, मग काल-परवापातूर जाळीला शिव्या देत हुता त्या?"

"तू जाळीचं नाव घेतलंस," म्हातारी म्हणाली. "मग म्या आनिक कुनाचं घ्यावं? तू एवढं झाकलंस, त्ये म्या उगडं करू?" तिनं आपले हात उलटसुलट करून बघितले. "माज्या हातानं माजा ल्योक घालवला गं. शिव्या म्या जाळीला दिल्या. लागायच्या तिथं लागल्या."

हरणाबाई ओट्यावर तिच्याशेजारी बसली आणि रडली. सहा महिन्यांत ती रडली नव्हती. रडायला उसंत लागते, ती मिळालीच नव्हती. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग तो हात काढला आणि वातींचं ताट पुढं ओढलं. थोड्या वेळानं हरणाबाईनं उठून कुलूप काढलं.

सकाळी ती जागी झाली तेव्हा अंगण सारवून झालं होतं. सारवण नव्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि तिथं सरळ रेघेत थांबलं होतं, आत एक शिंतोडासुद्धा नाही. रेघ मारायला म्हातारीनं सुतळी धरली होती. अंबूबाई हात धुऊन लांब, कडुनिंबाखाली, खोलीकडं पाठ करून बसली होती.

निरीक्षक तोच होता. चष्मा तोच, घाम तोच. त्यानं चपला काढल्या, आत गेला, फरशीवरून बोट फिरवलं, डब्यांची झाकणं उघडून बघितली, वजनांवरचा शिक्का बघितला. लिहिताना या वेळी थांबला नाही. निघताना मुद्दाम कडुनिंबापाशी गेला.

"आजी, जाळी बदलली का?"

"बदलली की, बाबा," अंबूबाई मागं न वळता म्हणाली. "आता माशी सोड, वारा बी इचारून येतोय."

दिवाळीच्या तोंडावर परवाना आला. शिक्क्याचा, सहीचा, 'सौ. हरणाबाई आकाराम शिंदे' असं टाइप केलेला. हरणाबाईनं तो छातीशी धरून खोलीभर दोन फेऱ्या मारल्या, आणि मग आपल्याला कुणी बघितलं का म्हणून दाराकडं बघितलं. गळिताचा हंगाम सुरू झाला होता. जिनदत्त चौगुल्यानं कागद बघितला, वहीत नंबर उतरवून घेतला आणि म्हणाला, "पंचवीस नको, तीस आणा. आचारी म्हणतोय तुमची वाट बघून कंटाळलो." त्याच दिवशी तिनं पुण्याला पत्र टाकलं. लिहून दिलं जोतीरामनं, पण शेवटचं वाक्य तिनं स्वतः, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: आता या.

उत्तर आठ दिवसांनी आलं. जोतीराम उंबऱ्यावर बसून वाचायला लागला. परवाना मिळाल्याचं वाचून आनंद झाला. मी येतो. परंतु कंपनीने कामावर घेताना एक वर्षाचे लिहून घेतले आहे व मी सही केली आहे. सही मोडता येत नाही. चैत्रात सुटेन. आईला नमस्कार.

सही मोडता येत नाही! हरणाबाईला आधी वाटलं पत्र चुलीत घालावं. अजून पाच महिने. अठरा वर्षं झाली, त्यात हे, आणि आता वर पाच महिने. तिला राग आला, आणि तो राग करायचीसुद्धा ताकद आपल्यात उरली नाही, हेही कळलं. तिनं उखळात मिरच्या घातल्या आणि तशीच मुसळ धरून उभी राहिली.

जोतीराम गेला. अंबूबाई भिंतीला धरत धरत नव्या खोलीच्या दारापर्यंत आली. आश्विनापासून तिनं त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आजही बाहेरच थांबली.

"चैतात येतोय म्हनं."

"व्हय."

"मग ऐक. त्यो यील त्या दिशी ही खोली मी सारवनार. देवीला बोललेलं हाय, अजून फिटलं न्हाई. तवर जगले वाचले तर."

हरणाबाईनं भिंतीकडं बघितलं. परवाना खिळ्याला टांगलेला होता, आणि त्याच्या पाठीमागं बारीक अक्षरात अटी छापलेल्या होत्या. त्यातली तिसरी, जमीन सारवलेली नको ही, तिला तोंडपाठ होती. तिनं पुढं होऊन तो कागद खिळ्यावरनं काढला, वजन बघितल्यासारखा हातात तोलला, आणि पुन्हा जिथल्या तिथं लावला.

"सारवा, आत्याबाई," ती म्हणाली. "दोन थर द्या. कपिलेचं शेन मी आनून देती, आन मागनं धुऊन बी मीच काढती."

म्हातारी उंबऱ्याबाहेर खाली बसली. हरणाबाईनं मुसळ उचललं. कारखान्याचे तीस किलो शनिवारपर्यंत द्यायचे होते.